सेवा म्हणजे रुग्णाच्या जागी स्वतःला ठेवणे : फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे जीवन



सेवा हा शब्द आपण रोज उच्चारतो. पण आजारी माणूस समोर अंथरुणावर पडलेला असतो, तेव्हा त्याची सेवा म्हणजे नेमके काय करायचे, याचा विचार आपण कितीदा करतो? औषध वेळेवर दिले, फळे घेऊन भेटून आलो, लवकर बरे व्हाल असा धीर दिला, की आपले कर्तव्य झाले असे आपल्याला वाटते. ज्याची सेवा केली, त्याला त्यातून खरोखर आराम मिळाला का, हा प्रश्न मात्र बहुधा विचारायचाच राहून जातो.

इंग्लंडमधील एका स्त्रीने हा प्रश्न आयुष्यभर विचारला. शाळेच्या पुस्तकात त्यांचे चित्र तुम्ही पाहिले असेल. हातात दिवा, दोन्ही बाजूंना जखमी सैनिकांच्या खाटा आणि मधून शांतपणे चालणारी एक परिचारिका. त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल. हे चित्र खरे आहे, पण ते फार थोडे सांगते. नव्वद वर्षांच्या आयुष्यात युद्धभूमीवरच्या रुग्णालयांत त्यांनी दोन वर्षेही काढली नव्हती. त्यांची खरी साधना त्याच्या आधी सुरू झाली आणि त्यानंतर अर्धशतक चालू राहिली.

श्रीमंत घरातील बेचैन मुलगी

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात त्यांचा जन्म झाला. आईवडील तेव्हा तेथे मुक्कामाला होते, म्हणून शहराचेच नाव मुलीला मिळाले. घर अतिशय सधन होते. इंग्लंडमध्ये डर्बीशायर आणि हॅम्पशायर अशा दोन ठिकाणी कुटुंबाचे मोठे वाडे होते. वडील विल्यम यांनी दोन्ही मुलींना स्वतः शिकवले. ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान असे विषय त्या काळात मुलींच्या वाट्याला येत नसत, ते फ्लॉरेन्स यांना घरातच मिळाले. गणिताची तर त्यांना विशेष ओढ होती.

फेब्रुवारी १८३७ मध्ये, वयाला सतरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, ईश्वर आपल्याला सेवेसाठी बोलावत आहे अशी अनुभूती त्यांना आली. त्यांनी ती स्वतःच्या टिपणात तारखेसह नोंदवून ठेवली. पण सेवा कोणती आणि कशी, याचे उत्तर मिळायला अनेक वर्षे गेली. गावातील गरीब आजाऱ्यांकडे जाता जाता आपला मार्ग शुश्रूषेचा आहे हे त्यांच्या लक्षात आले. १८४५ मध्ये त्यांनी जवळच्या एका रुग्णालयात काम शिकण्याची परवानगी मागितली, तेव्हा घरात मोठा कल्लोळ झाला. त्या काळी रुग्णालय म्हणजे घाण, दुर्गंधी आणि मृत्यू. तेथे काम करणाऱ्या स्त्रियांना समाजात काडीचा मान नव्हता. आई आणि बहिणीला हे सहन होणे शक्य नव्हते.

वाचकहो, साधनेच्या वाटेवर घरच्यांचा विरोध अनुभवलेले अनेक जण आपल्यात असतील. फ्लॉरेन्स यांनी घर सोडले नाही, पण निश्चयही सोडला नाही. पहाटे सर्वांच्या आधी उठून त्या रुग्णालयांचे अहवाल वाचत आणि टिपणे काढत. चांगल्या घरातून आलेली, मनाला आवडलेल्या माणसाची लग्नाची मागणीही त्यांनी विचारपूर्वक नाकारली. अखेर १८५१ मध्ये जर्मनीतील कैसर्सवेर्थ येथील सेवाश्रमात तीन महिने राहून त्यांनी शिक्षण घेतले. हाक आली तेव्हापासून या दिवसापर्यंत चौदा वर्षे गेली होती.

उशाशी असलेली घंटा

ऑगस्ट १८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांसाठीच्या एका छोट्या संस्थेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तेथे त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे, कारण पुढच्या सगळ्या कार्याचे बीज त्यात आहे.

परिचारिकेला बोलावण्यासाठी रुग्णाच्या हाताशी घंटा असावी आणि कोणत्या रुग्णाने बोलावले ते परिचारिकेला लगेच कळावे, अशी योजना त्यांनी मागितली. गरम पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर यावे आणि जेवण वर नेण्यासाठी एक लहान लिफ्ट असावी, असाही त्यांचा आग्रह होता. कारण साधे होते. परिचारिकेचा अर्धा दिवस जिने चढण्या-उतरण्यात गेला, तर ती रुग्णाजवळ थांबणार कधी? आणखी एक अट त्यांनी घातली. संस्थेत प्रवेश देताना रुग्णाचा धर्म किंवा पंथ पाहायचा नाही. व्यवस्थापन समितीला हे सहज पटले नाही, पण फ्लॉरेन्स यांनी ते मान्य करून घेतले.

घंटा, गरम पाणी, लिफ्ट. वाचायला या किरकोळ गोष्टी वाटतात. पण ज्याला उठता येत नाही, त्याच्यासाठी हाकेला ओ मिळणे ही किरकोळ गोष्ट नसते.

स्कुटारीचा हिवाळा

१८५४ मध्ये क्रिमियाचे युद्ध सुरू असताना ब्रिटिश सैनिकांची हेळसांड होत असल्याच्या बातम्या लंडनच्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. मंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून फ्लॉरेन्स ३८ परिचारिकांना घेऊन निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या.

ती इमारत मुळात सैनिकांची बराक होती. लांबच लांब व्हरांड्यांत जखमी आणि आजारी सैनिक दाटीवाटीने पडलेले होते. अंगावर रणांगणातलेच मळलेले कपडे होते. पुरेशी भांडी, टॉवेल, साबण काही नव्हते. लष्करी डॉक्टरांना या स्त्रिया आलेल्या आवडल्या नव्हत्या. फ्लॉरेन्स यांनी वाद घातला नाही. डॉक्टर सांगतील तेव्हाच परिचारिका वॉर्डात जातील असा नियम त्यांनी घातला आणि दरम्यान कपडे धुण्याची सोय, पथ्याचे अन्न शिजवणारी स्वयंपाकघरे आणि सामानाची खरेदी सुरू केली. थोड्याच दिवसांत जखमींची संख्या एवढी वाढली, की डॉक्टरांनीच त्यांना मदतीला बोलावले.

सैनिक हा केवळ जखम झालेला देह नाही, तो कोणाचा तरी मुलगा, पती, पिता आहे, हे त्यांनी कधी नजरेआड केले नाही. मरण पावलेल्या सैनिकांच्या घरी त्या स्वतः पत्रे लिहीत. बरे होत असलेल्यांसाठी त्यांनी वाचनाची खोली सुरू केली. पगार दारूत जाऊ नये म्हणून घरी पैसे पाठवण्याची व्यवस्था केली. सैनिक पैसे पाठवणार नाहीत असे वरिष्ठांना वाटत होते, पण त्यांनी मोठ्या प्रमाणावर पाठवले. ज्याच्याकडून आपण चांगल्याची अपेक्षा ठेवतो, तो बहुधा तिला उतरतो. रात्री सगळीकडे सामसूम झाल्यावर त्या दिवा घेऊन शेवटची फेरी मारत. त्या दिव्याची गोष्ट जगभर पसरली.

याच युद्धात जमैकाच्या मेरी सीकोल यांनीही स्वतःच्या हिमतीवर सैनिकांची सेवा केली. त्यांचे नाव मात्र पुढे दीर्घकाळ विस्मृतीत गेले, म्हणून आज त्यांचेही स्मरण करू या.

करुणा पुरेशी नव्हती

आता जीवनचरित्रातील सर्वांत कठीण भागाकडे येऊ.

एवढी सेवा होऊनही त्या हिवाळ्यात स्कुटारीत ४,००० हून अधिक सैनिक मरण पावले. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल झालेल्या दर शंभर रुग्णांमागे सुमारे ४२ जण दगावत होते. मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला. इमारतीच्या खालची तुंबलेली गटारे त्यांनी मोकळी केली, पाणी शुद्ध केले, भिंतींना चुना दिला आणि हवा खेळती केली. त्यानंतर मृत्यूचे प्रमाण झपाट्याने घसरले. जूनपर्यंत ते शंभरात दोनच्या आसपास आले.

सैनिक आमच्याकडे पोहोचतात तेव्हाच उपासमारीने आणि थकव्याने खंगलेले असतात, म्हणून ते वाचत नाहीत, असे फ्लॉरेन्स यांना तेव्हा वाटत होते. युद्धानंतर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासोबत त्यांनी आकडे तपासले, तेव्हा वेगळेच चित्र समोर आले. बहुतेक सैनिक जखमांनी नव्हे, तर टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले होते आणि ज्या रुग्णालयात त्या रात्रंदिवस राबल्या, तेच सर्वांत घातक ठिकाणांपैकी एक होते. ज्यांच्या उशाशी त्या दिवा घेऊन उभ्या होत्या, त्यांना खालचे गटार मारत होते.

वाचकहो, क्षणभर थांबून विचार करा. साऱ्या देशाने देवीसारखा मान दिलेल्या व्यक्तीला हे कळल्यावर तिने काय करावे? गप्प बसणे किती सोपे होते! मायदेशी परतताना सत्कार टाळण्यासाठी त्या मिस स्मिथ या नावाने प्रवास करून आल्या होत्या. आता त्यांनी ठरवले, की हे सत्य लपवायचे नाही. १८५८ मध्ये त्यांनी शेकडो पानांचा अहवाल खासगीरीत्या छापून अधिकारी व्यक्तींना पाठवला. मृत्यूची कारणे एका नजरेत कळावीत म्हणून त्यांनी रंगीत वर्तुळाकार आलेख तयार केले. वाणिज्य शाखेत आम्ही असे आलेख नफा-तोटा आणि विक्री दाखवण्यासाठी काढतो. त्यांच्या आलेखातील प्रत्येक पाकळी म्हणजे एका महिन्यात गेलेले जीव होते. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या.

त्यांच्यासाठी हे रुक्ष गणित नव्हते. सृष्टी ईश्वराच्या नियमांनी चालते आणि ते नियम निरीक्षणातून, मोजणीतून कळतात, अशी त्यांची श्रद्धा होती. लोक का मरतात हे शोधून काढणे हा त्यांच्या दृष्टीने ईश्वराची इच्छा जाणण्याचाच एक मार्ग होता. प्रेमाने हात धरावा आणि त्याच वेळी गटारही साफ करावे. यातील एक केले म्हणून दुसऱ्यातून सुटका नाही, हा त्यांच्या जीवनाचा मोठा धडा आहे.

रुग्णाच्या नजरेतून

१८५९ मध्ये त्यांनी शुश्रूषेवर एक छोटे पुस्तक लिहिले. ते व्यावसायिक परिचारिकांसाठी नव्हते. घरात कधी ना कधी कोणाची तरी काळजी घ्यावी लागते अशा सामान्य स्त्रियांसाठी होते. त्यात औषधांची चर्चा जवळपास नाहीच. आहे ती हवा, उजेड, आवाज, अन्न, अंथरूण आणि बोलणे यांची. त्यांचे म्हणणे असे, की बरे करण्याचे काम निसर्ग करतो. त्याला ते करता यावे अशा स्थितीत रुग्णाला ठेवणे हे शुश्रूषेचे काम आहे.

त्यातील काही गोष्टी आपल्या घरालाही तंतोतंत लागू पडतात.

दाराबाहेर उभे राहून कुजबुजू नका, असे त्या सांगतात. रुग्ण कान देऊन ऐकतो आणि अर्धवट ऐकू आलेल्या शब्दांतून नसलेली भीती मनात धरतो. जे बोलायचे ते त्याच्यासमोर स्पष्ट बोला, नाहीतर त्याच्या कानावर जाणार नाही इतके दूर जा.

रुग्णाशी बोलताना त्याला दिसेल असे समोर बसा. पाठीमागून किंवा दारातून बोललात, तर प्रत्येक वेळी त्याला मान वळवावी लागते. उभ्या उभ्या, निघण्याच्या घाईत बोलू नका. त्याच्या खाटेवर टेकू नका, तिला धक्का देऊ नका.

तुम्ही बाहेर जाणार असाल, तर केव्हा जाणार आणि केव्हा परतणार ते त्याला आधी सांगा. अनिश्चितता, वाट पाहणे आणि अचानक काही होण्याची धास्ती यांनी रुग्ण जितका थकतो, तितका तो श्रमानेही थकत नाही.

न खाल्लेले अन्न खाईल कधीतरी म्हणून त्याच्या उशाशी ठेवून देऊ नका. ते पाहूनच त्याची उरलीसुरली भूक मरते. कोणत्या वेळी त्याला थोडे खावेसे वाटते ते हेरा आणि त्याच वेळी थोडे, ताजे द्या.

रात्री झोप चांगली लागली ना, असे विचारू नका. याला रुग्ण भिडेपोटी हो म्हणतो. किती वाजता झोप लागली, किती वेळा जाग आली, असे विचारा. तेव्हा खरे कळते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, पोकळ धीर देऊ नका. काही होणार नाही, लवकरच बरे व्हाल, माझ्या ओळखीच्या एकाला असेच झाले होते, असे भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो. आपल्या दुखण्याकडे कोणी गांभीर्याने पाहतच नाही, असे रुग्णाला वाटते आणि तो एकटा पडतो. त्यापेक्षा त्याला बाहेरच्या जगातली एखादी खरी चांगली बातमी सांगा, लहान मूल त्याच्याजवळ आणा. पलंग असा ठेवा, की खिडकीतून आकाश दिसेल. फुले, रंग, एखादा पाळीव पक्षी यांनी केवळ मन रमते असे नाही, शरीरालाही त्याचा उपयोग होतो, असे त्यांचे निरीक्षण होते. ग्रीसमध्ये वाचवलेले घुबडाचे पिल्लू त्यांनी स्वतः काही वर्षे सांभाळले होते.

या सूचना एवढ्या नेमक्या कशा? कारण तोवर त्या स्वतः रुग्ण झाल्या होत्या. १८५५ मध्ये क्रिमियात त्यांना तीव्र तापाने गाठले. १८५७ पासून त्या आजाराने पुन्हा डोके वर काढले आणि पुढची कितीतरी वर्षे त्यांना खोलीबाहेर पडणेही अवघड झाले. त्याच खोलीतून त्यांनी हजारो पत्रे लिहिली, अहवाल तयार केले, मंत्र्यांना भेटीसाठी बोलावून घेतले. वेदना होती, पण काम थांबले नाही. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने जमलेल्या निधीतून परिचारिकांची शाळा सुरू झाली. तेथे तयार झालेल्या परिचारिका पुढे इंग्लंडभर आणि सातासमुद्रापार गेल्या. ज्या कामाला समाज हलके मानत होता, ते सन्मानाचे झाले.

न पाहिलेल्या भारतासाठी

फ्लॉरेन्स कधी भारतात आल्या नाहीत, पण सुमारे चाळीस वर्षे भारत त्यांच्या मनात होता. १८५९ मध्ये येथील ब्रिटिश सैन्याच्या आरोग्यासाठी शाही आयोग नेमला गेला. त्यांनी देशभरातील लष्करी ठाण्यांना प्रश्नावली पाठवली आणि आलेल्या उत्तरांचा डोंगर अंथरुणावरून उपसला. १८६३ च्या अहवालातून दिसले, की दरवर्षी हजारातले ६९ सैनिक मरत होते, तेही लढाईविना. पाणी, सांडपाणी आणि राहण्याच्या जागा सुधारल्यावर दहाएक वर्षांत हे प्रमाण हजारी १८ वर आले.

सैन्यापासून सुरू झालेला त्यांचा विचार हळूहळू खेड्यातील रयतेपर्यंत पोहोचला. दुष्काळ, पाटबंधारे, सावकारी कर्ज, गावातील पाणी यांवर त्या लिहीत राहिल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. भुकेल्या माणसाला आरोग्याचे धडे देऊन उपयोग नाही, हे त्यांना उमगले होते.

त्यांचे सगळेच विचार काळाच्या कसोटीला उतरले असे नाही. रोगजंतूंचा सिद्धांत त्यांनी बराच काळ स्वीकारला नव्हता. रोग दूषित हवेतून होतो असे त्या मानत. पण त्यांनी धरलेला स्वच्छतेचा मार्ग मात्र योग्यच ठरला.

आरोग्य म्हणजे काय?

१८९३ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, त्यांनी एका निबंधात आरोग्याविषयी एक सुंदर विचार मांडला. आजार नसणे एवढ्यालाच आरोग्य म्हणत नाहीत. आपल्याला मिळालेली प्रत्येक शक्ती चांगल्या रीतीने वापरता येणे म्हणजे आरोग्य. म्हणूनच आजाऱ्याच्या शुश्रूषेइतकीच निरोग्याची काळजीही त्यांना महत्त्वाची वाटे आणि घरोघरी जाऊन आरोग्य शिकवणाऱ्या स्त्रिया तयार व्हाव्यात असा त्यांचा प्रयत्न होता. स्वतः अंथरुणाला खिळूनही उरलेली प्रत्येक शक्ती कामाला लावणाऱ्या व्यक्तीने हे लिहिले, म्हणून त्याला वजन आहे.

अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली. १९०७ मध्ये ब्रिटनचा ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमध्ये त्यांनी देह ठेवला. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये राजसन्मानाने दफन करण्याचा प्रस्ताव त्यांच्या इच्छेनुसार कुटुंबाने नाकारला. हॅम्पशायरमधील एका खेड्यातील चर्चच्या आवारात त्यांची समाधी आहे आणि त्यांच्यासाठी तेथे फक्त नावाची आद्याक्षरे आणि दोन तारखा कोरल्या आहेत. त्यांचा जन्मदिवस, १२ मे, आज जगभर परिचारिका दिन म्हणून साजरा होतो. आपल्या देशातही १९७३ पासून उत्कृष्ट परिचारिकांना त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो.

वाचकहो, आपल्यापैकी अनेक जण रुग्णालयांत सेवेसाठी जातात. अनेकांच्या घरी वृद्ध आई, सासरे किंवा दीर्घ आजाराने पडून असलेले कोणी आहे. आज त्यांच्याजवळ जाल, तेव्हा उभे राहून बोलू नका. खुर्ची ओढून त्यांना दिसेल अशी समोर ठेवा आणि बसा. त्यांच्या खोलीची खिडकी उघडता येते का ते पाहा. पाण्याचा तांब्या आणि हाक मारण्यासाठी छोटी घंटा त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवा. बरे वाटते ना, असे न विचारता, रात्र कशी गेली ते विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकून घ्या. निघताना पुन्हा केव्हा येणार ते सांगा, आणि त्या वेळेला या.